हुंगा, वयनी
मोहाच्या फुलांचा वास आला की दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांतली भंडारदऱ्याकडची एक संध्याकाळ आठवते. आमच्या ह्यांनी मोहाची दारू सोडून तुळशीची माळ घातली होती. पण त्यांना भजनाला न्यायला यायचा तो त्यांचाच जुना पिणारा सोबती. माझा विश्वास कसा बसावा? त्या दिवशी मी मागोमाग देवळात गेले आणि सगळ्यांसमोर ह्यांचं तोंड हुंगलं. टाळ थांबले. दारूचा वास नव्हता. ह्यांनी मान खाली घातली. सोबती मात्र म्हणाला, “हुंगा, वयनी, रोज हुंगा. माझी माहेरी गेली ती आलीच न्हाई. मला हुंगनारं घरात कोन हाय?” मी लाजून मागं सरले. तेव्हा हेच पुढं झाले, सोबत्याचं तोंड हुंगून म्हणाले, “न्हाई प्यालेला.” पुढं दोघं एकमेकांना असंच तपासून भजनाला बसत. आता दोघंही नाहीत. माझा संशय हे असेपर्यंत गेला नाही, आणि त्याचा ह्यांना कधी राग आला नाही.