हायकमांडने तिकीट कापलं

टिपणीससाहेब कुणाच्याही दाराची बेल वाजवली की दोन पावलं मागे सरकत. डब्लिनच्या क्लोनडॉकिन भागातल्या आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हाही सरकले आणि थेट माझ्या गुलाबाच्या वाफ्यात जाऊन उभे राहिले. "घाबरू नका," चिखलातूनच हात पुढे करत ते म्हणाले, "उमेदवाराने दाराला चिकटून उभं राहायचं नसतं. मी टिपणीस, कॅनडातला माजी आमदार. गणपतीला तुम्ही येणार, असं धरून चालू ना?"

माजी आमदार ही थाप नव्हती. तिथल्या सस्कॅचेवान प्रांताच्या विधानसभेवर ते खरोखर दोनदा निवडून गेले होते. मतदारसंघात मराठी मत एकच, बायकोचं, "आणि तेही खात्रीचं नव्हतं," असं ते सांगत. डब्लिनच्या आमच्या मराठी मंडळात आमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून मोकळं व्हायची पद्धत. हे मात्र पावसात दारोदार फिरत आणि घरी जाऊन वहीत नोंद करत: "नवरा होयबा. निर्णय सासूबाई घेतात." माझ्या नावापुढे त्यांनी "काठावरचा" असं लिहिलं होतं. ते मला अजून लागतं.

नाही म्हणणं त्यांना जमत नसे. एकदा त्यांनी हॉलची एकच वेळ ढोलपथकालाही कबूल केली आणि भजनवाल्यांनाही. "दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं की निम्मं काम होतं," ते म्हणाले. उरलेलं निम्मं आम्ही निस्तरलं.

त्यांची पत्नी सुनंदाताई भूलतज्ज्ञ. कॅनडात पुन्हा करावं लागणाऱ्या प्रशिक्षणाची जागा त्यांना मिळत होती ती देशाच्या दुसऱ्या टोकाला, आणि साहेबांना मतदारसंघ सोडवत नव्हता. म्हणून सात वर्षं त्या एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासत राहिल्या. पुढे डब्लिनच्या एका हॉस्पिटलने त्यांना भूलतज्ज्ञ म्हणून बोलावलं, तेव्हा साहेबांनी मुदत संपायच्या आत राजीनामा दिला. कारण लिहिलं, कुटुंबासाठी. "कुणाचा विश्वास बसला नाही. वर्षभर सगळे लफडं शोधत होते," ते सांगत. "राजकारणात खरं बोलण्याचे हे तोटे."

गेल्या वर्षी त्यांची जुनी जागा रिकामी झाली. पोटनिवडणूक लागली आणि पक्षाचा फोन आला: या, जिंकल्यातच जमा आहात. त्याच महिन्यात ताई कन्सल्टंट, म्हणजे हॉस्पिटलातल्या वरिष्ठ डॉक्टर, झाल्या होत्या. साहेब गेले असते तर ताईंना एकतर इथे एकटं राहावं लागलं असतं, नाहीतर हातची नोकरी सोडून मागे जावं लागलं असतं. आठवडाभर साहेबांनी एकही बेल वाजवली नाही. मग मंडळाच्या बैठकीत ताईंकडे बोट दाखवून जाहीर केलं, "हायकमांडने तिकीट कापलं." सगळे हसले, आणि बाहेर पडल्यावर ताईंच्या नावाने कुरकुरले.

मलाही राग आला होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परस्पर ब्लँचर्डस्टाउनला त्यांच्या घरी गेलो. साहेब दुकानात गेले होते. ताईंना मी सरळच म्हटलं, "जाऊ द्यायला हवं होतं तुम्ही त्यांना."

"मी जाच म्हटलं होतं," चहा गाळत त्या म्हणाल्या. "बॅगसुद्धा माळ्यावरून काढून दिली. दोन दिवस तिच्याभोवती फिरले आणि स्वतःच परत वर ठेवून आले."

"मग हे तुमच्या माथी का मारतात?"

"मीच त्यांना तसं म्हणायला सांगितलं. बायकोसाठी सोडलं म्हटलं असतं, तर तुम्ही सगळ्यांनी त्यांचा पुतळा उभा केला असता. मग त्याच्यावरची धूळ जन्मभर मी पुसत बसायची? त्यापेक्षा चार दिवस मला शिव्या द्या."

कौतुकाच्या दोन शब्दांसाठी परक्या घराच्या वाफ्यात उभा राहणारा तो माणूस. एवढं मोठं श्रेय त्याने मुकाट्याने सोडलं होतं. मला एकदम भरून आलं, आणि चहा गरम आहे असं म्हणून मी वेळ मारून नेली.

हल्ली साहेब परत का गेले नाहीत असं कुणी विचारलं की मीही सांगतो, बायकोने जाऊ दिलं नाही.