बिनधुराची शेगडी

जे. पी. नगरच्या आमच्या घरात गीझर आहे, गच्चीवर सोलर आहे आणि मागच्या पडवीत तांब्याचा बंबही आहे. गीझर आणि सोलरची कुणाला ओळख करून द्यावी लागत नाही. बंबाची लागते. नवा पाहुणा हात धुवायला मागे जातो आणि "हे काय आहे?" असं विचारत परत येतो. मग मी सांगते, की मधल्या नळीत लाकडं जळतात, भोवतीच्या पोटात पाणी तापतं, खालच्या जाळीतून राख पडते आणि वरच्या धुराड्यातून धूर छपराबाहेर जातो. पाहुणा ऐकल्यासारखं करतो आणि फोटो काढतो.

बंब आईचा. ती बेळगावकडची, लग्नानंतर बेंगळुरूला आली ती हा बंब घेऊनच. तो पेटवण्याचे तिचे नियम होते आणि त्यांत कुणाची गय नव्हती. आधी पाणी, मग विस्तव. रिकाम्या बंबात जाळ घातला तर सांधे सुटतात आणि बंब जन्माचा गळका होतो. म्हणून ती आधी बोटाच्या पेराने त्याच्या पोटावर टकटक करायची, आवाज भरलेला आला तरच काडी ओढायची. एक बादली काढली की एक ओतायची. लाकूड वाळलेलंच हवं, कारण ओलं लाकूड नुसतं धुमसतं आणि धुराड्यात काजळी धरतं. जवळपास कुठेही बांधकाम चालू असलं की रंगवलेल्या फळ्या फुकट मिळतात, पण त्यांचा धूर विषारी म्हणून तिने त्या कधी घरात येऊ दिल्या नाहीत. आमचा सगळा जाळ करवंट्यांचा, झावळ्यांचा आणि पालिकेची माणसं रस्त्यावर छाटून टाकतात त्या फांद्यांचा. मी बँकेत नोकरी केली, ऑडिटर पाहिले. आईइतकं बारीक कुणी पाहत नसे.

वरच्या मजल्यावरची शेजारीण कधीतरी कठड्यावरून वाकून म्हणायची, "अक्का, होगे स्वल्प कडिमे माडी," म्हणजे धूर जरा कमी करा. आई "सरी, सरी" म्हणायची आणि त्याच दिवशी काठीला फडकं बांधून धुराडं साफ करायची. धूर झाला म्हणजे आपलं काहीतरी चुकलं, असं ती मानत असे. धूर नाही म्हणजे सगळं ठीक, हेही ती तितक्याच खात्रीने मानत असे.

माझं लग्न झालेलं नाही, त्यामुळे माझ्याकडून नातवंडाची आशा तिने केव्हाच सोडली होती. धाकट्या बहिणीला दिवस गेले तेव्हा आईचा जीव एकाच गोष्टीत अडकला. बाळाला तिला स्वतःच्या हाताने, पायांवर घेऊन, बंबाच्या पाण्याने न्हाऊ घालायचं होतं. हे ती वरचेवर बोलून दाखवायची; आम्ही हसायचो.

रीतीप्रमाणे बाळंतपण माहेरी व्हायला हवं होतं. पण धाकटी राहते सर्जापूर रोडला, तिचं हॉस्पिटलही तिकडचंच. "बेळ्ळंदूरच्या सिग्नलला अडकून मला बाळंत व्हायचं नाही," असं तिने साफ सांगितलं. तेव्हा आईच तिकडे गेली. बंब नेता येत नव्हता, म्हणून लोखंडी शेगडी नेली.

शेगडी शेकासाठी. आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात, वर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा टाकतात. धाकटी आधी नाही म्हणाली. मग अंग ठणकायला लागलं तशी हो म्हणाली. शेक सुखाचा वाटतो, यात वाद नाही. दुकानातला कोळसा लगेच राख होतो म्हणून बंबातले विझवलेले कोळसे मी आठवड्याला पिशवी भरून पोचवायचे. नागपूरकडचा जावई ऑफिसच्या कॉलमधून मान वर करून विचारायचा, "आई, ये सेफ है ना? म्हणजे, काही होणार नाही ना?" घरी मराठी बोलायचं हे त्याला अर्ध्या वाक्यानंतर आठवतं. आई म्हणायची, "धूर पार जाऊ देतो की मी गॅलरीत. लाल निखारे झाले की मगच आत. कसली भीती?" आमच्याकडच्या बायका असंच 'जातो, येतो' बोलतात, जावयाला त्याचं फार नवल वाटायचं.

दुसरा नियम वाऱ्याचा. बाळंतिणीला आणि बाळाला वारं लागता कामा नये. आईच्या माहेरच्या घरात हा नियम पाळायला सोपा होता, कारण तिथे दार लावलं तरी कौलांतून, झरोक्यातून, फळ्यांच्या फटींतून वारा यायचाच. धाकटीच्या फ्लॅटच्या काचा एकदा सरकवल्या की रिंग रोडचा आवाजसुद्धा आत येत नाही. जाहिरातीत त्याचं कौतुक केलेलं असतं. आईने काचा लावल्या, पडदे ओढले आणि दाराखालच्या फटीत टॉवेल सारला.

धाकटी फोनवर सांगू लागली की डोकं दुखतं, मळमळतं. झोप नाही म्हणून असेल, असं सगळ्यांचं मत पडलं. गॅलरीत जाऊन उभं राहिलं की बरं वाटतं, असंही ती म्हणाली होती. तेव्हा आईने तिला गॅलरीत जायलाच मनाई केली.

मी दुपारी कोळशाची पिशवी घेऊन गेले तेव्हा जावई ऑफिसला गेला होता. आई स्वयंपाकघरात अळिवाची खीर ढवळत होती. म्हणाली, "आज बघ कसं गुणी झालंय लेकरू. रडणं नाही, काय नाही. शेक मानवलाय." मी टॉवेल बाजूला सारून आत गेले. खोली उबदार होती, ओव्याचा छान वास होता, धुराचा मागमूस नव्हता. मी खुर्चीत बसले. थोड्या वेळाने माझ्याच कानशिलात ठोके पडू लागले. धाकटीला हाक मारली तर ती "हं" म्हणाली, पण डोळे उघडेनात. मग उठायला गेली आणि पाय गळून खाली बसली. मी बाळाला उचललं. ते हातात ओल्या फडक्यासारखं लोंबलं.

मी काच सरकवली. दार उघडलं, पडदे ओढून काढले. आई पळीसकट धावत आली आणि ओरडली, "अगं वारं लागंल की बाळाला! बंद कर!" तिने काच पुन्हा लावली. मी तिला हात धरून बाजूला ढकललं. आईला मी आयुष्यात कधी ढकललं नव्हतं. शेगडी चिमट्याने ओढत गॅलरीत नेली, बाळाला आणि धाकटीला तिथल्याच दुसऱ्या टोकाला, मोकळ्या हवेत बसवलं आणि खालच्या वॉचमनला गाडी बोलवायला सांगितली.

हॉस्पिटलमध्ये दोघांना ऑक्सिजन लावला. डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात काही जळत होतं का? आईने मोठ्या विश्वासाने सांगितलं, की होतं, पण धूर मुळीच नव्हता, धूर जाऊ दिल्याशिवाय शेगडी आत आणतच नाही. डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावलं, की निखाऱ्यातून जो वायू निघतो तो दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि बंद खोलीत तो माणसाला झोपेतच संपवतो. मी ते आईला सोप्या मराठीत पुन्हा सांगितलं. गरज नव्हती, तिला पहिल्यांदाच कळलं होतं. ती स्वतः सारखी स्वयंपाकघरात जात-येत होती म्हणून वाचली, हेही तिला कळलं असावं. मला तिचा राग आला आणि तिची कीवही आली. राग आधी आला.

दोघं बरी झाली. बाळ रडलं तेव्हा जावई कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या रडला. घरी परतल्यावर त्याने भिंतीवर एक वायू ओळखणारं यंत्र लावलं, मालिशीला बाई ठेवली आणि आईला म्हणाला, "आई, तुम्ही आता आराम करा." फार अदबीने म्हणाला. धाकटीने आईची पिशवी भरून दिली. आई शेगडी तिथेच सोडून माझ्याबरोबर परत आली.

त्यानंतर तिने बंबाला हात लावला नाही. "माझ्या हातात विस्तव नको," म्हणाली. मला चीड यायची. बंब उघड्या पडवीत, त्याला धुराडं, त्याचा काय दोष? पण ती ऐकेना, म्हणून मीच पेटवत राहिले. एकदा घाईने गरम राख प्लॅस्टिकच्या सुपलीत घेतली आणि सुपलीला भोक पडलं. आई दारातून बघत होती. पूर्वीची आई असती तर तिने माझी सात पिढ्यांची अक्कल काढली असती. ती नुसती आत गेली. ते मला सुपलीपेक्षा जास्त लागलं.

बाळ बसायला लागलं तेव्हा, ऐन डिसेंबरच्या गारठ्यात, धाकटी ते घेऊन राहायला आली. सकाळी पडवीत येऊन तिने बंबाला हात लावला आणि म्हणाली, "गार आहे की."

"ही तापवते आता," आई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

"आज तू तापव," धाकटी म्हणाली. "आणि त्याला न्हाऊसुद्धा तूच घाल."

आईने पदर खोचला. मग पुढे झाली आणि बोटाच्या पेराने बंबाच्या पोटावर टकटक केलं.

पाणी तापल्यावर ती न्हाणीघरात पाटावर पाय पसरून बसली आणि बाळ पायांवर घेतलं. आमच्या घरात बाळाच्या अंगावर पाणी पडायच्या आत दार लावतात. मी सवयीने कडीला हात घातला.

"उघडं असू दे," आई म्हणाली. "खिडकीपण उघड."

"वारं लागंल की गे बाळाला," मी म्हटलं.

तिने वर न बघता तांब्यातलं पाणी हातावर घेऊन पाहिलं, मग हळूच त्याच्या पाठीवर सोडलं.

"लागू दे. वाऱ्यानं कोण मरत नाही."