पंपावरचा प्रश्न

मुधोळच्या पेट्रोल पंपावरचा तो माणूस कानावर विझलेली बिडी ठेवायचा आणि नळी उचलण्याआधी प्रत्येकाला विचारायचा, "कुठं चालले?" उत्तर मिळेपर्यंत पंप सुरू नाही. मला या चौकशीचा रागच यायचा.

आखातात लढाई पेटली, तेलाची जहाजं अडली आणि आमच्याकडं डिझेलची टंचाई झाली. हुकूम आला : डिझेल फक्त टाकीत भरायचं, डब्यात थेंबही द्यायचा नाही. विहिरीवरच्या इंजिनासाठी डबे घेऊन आलेले शेतकरी हिरमुसले.

"डब्बा बंद हाय," तो म्हणाला. "इंजिनच घेऊन या ना! त्याले टाकी हाय."

दुसऱ्या दिवशी पंपावर बैलगाड्यांची रांग लागली. प्रत्येक गाडीत दोरानं बांधलेलं इंजिन.

कुणीतरी तक्रार केली. मंडल ऑफिसचा गिर्दावर, म्हणजे महसूल निरीक्षक, जीप घेऊन आला. "हे काय आहे?"

"साहेब, डब्बा दिसून राह्यला का कुठं?"

गिर्दावरानं रांग न्याहाळली आणि हसू दाबलं. "बरं, माझ्या जीपमध्ये भर."

"कुठं चालले, साहेब?"

"ऑफिसात."

"मंग मागं लावा," बैलगाड्यांकडं बोट दाखवत तो म्हणाला. "याईले ज्वारी भिजवाले जायचं हाय."

जीप मागं गेली आणि शेवटच्या बैलगाडीमागं गपचूप उभी राहिली.