टोपल्या हलक्या होतात तेव्हा

वावरात तण आणि किस्से, दोन्ही न पेरता येतात. तण आम्ही उपटतो. किस्से मात्र दुपारी बांधावर भाकर खाताना परत उगवतात, आणि दर वेळी आमच्यातली शोभा त्यांना थोडं खत घालते. म्हणून म्हटलं, मीच लिहून टाकते. माझी शाळा चौथीपर्यंत, लिहायला वेळ लागतो. खोटं लिहायला तर त्याहून जास्त लागेल.

जळगावच्या बाहेर नानांचं थोडं वावर आम्ही बाया करतो. शहरातली काही घरं वर्षभरासाठी आमच्याशी बांधलेली आहेत. जे पिकेल त्याची टोपली दर रविवारी त्यांच्या दारात. शिवरात्रीनंतर मात्र पंचाईत होते. हिवाळ्याची भाजी सरते, उन्हाळ्याची काकडी-गिलकी अजून बियातच असतात. टोपली हलकी झाली की घरं गळायला लागतात.

यंदा नानांनी तोंडावर सांगितलं, "होळीलोंग घरं टिकनात तर ठीक. नहीतर मी केळी लावसू."

म्हणजे होळीपर्यंत घरं टिकली तरच वावर आमच्याकडे. नाना वाईट नाहीत. त्यांचा पोरगा सावद्याच्या केळीबागा बघून आला होता, इतकंच.

*

काकडीचं बी थंडीत लवकर फुगत नाही. ओल्या फडक्यात बांधून पोटाशी ठेवलं की अंगाच्या उबेनं मोड येतात. यंदा हे काम शोभाकडे, आणि ऐन तेव्हाच अमळनेरला तिच्या भाचीचं लग्न. गेली पुरचुंडी कमरेला खोचूनच.

लग्नात ही सारखी कमर चाचपतेय. वहिनीनं हेरलं. आत्यानं सोनं आणलंय आणि पोरीला देत नाही, अशी कुजबुज पार मांडवाबाहेर गेली. शेवटी वहिनीनं सगळ्यांसमोर पुरचुंडी ओढली. सोडून बघते तर आत पांढरे मोड.

शोभानं शांतपणे फडकं परत बांधलं. म्हणाली, "सोनं असतं तर देऊन टाकलं असतं, वहिनी. हे लोकांचं आहे."

*

बियासाठी भरताचं एक वांगं आम्ही झाडावरच ठेवतो, पिवळं होऊन सुरकुतेपर्यंत. कोणी तोडू नये म्हणून त्याला चिंधी बांधतो.

घरांपैकी एक बँकेतले साहेब सुट्टीत मदतीला आले. वाफे साफ करताना त्यांना वाटलं, हे सडलंय, काढून टाकायची खूण केलीय. त्यांनी ते म्हशीला घातलं.

मी बोलले, मला राहवत नाही. "साहेब, पुढच्या थंडीतलं भरीत खाल्लं तिनं."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब बँकेच्या कपड्यात परत हजर. हातात काठी, म्हशीच्या मागे उभे. मी विचारलं, काय करताय?

"वाट बघतोय," म्हणाले.

*

उन्हं वाढली तशी मेथी जून झाली. एका बाईंनी व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला: मेथी कडू आहे, देठ चिवट आहेत. मग बाकीच्याही सुरू झाल्या. टाइप करत बसण्यापेक्षा मी बोलूनच पाठवलं, "बाई, ऊन लागलं की तीही पिकते. आपली पन्नाशी आली तेव्हा आपला फोटो कोणी ग्रुपवर टाकला का?"

शोभा म्हणाली, गेलं आणखी एक घर. मलाही दिवसभर कामात लक्ष लागेना. जिभेपायी सगळ्यांचं वावर घालवलं की काय?

संध्याकाळी त्याच बाईंचा मेसेज आला. "अक्का, मीही हल्ली कडूच झालेय. रविवारची टोपली पाठवा."

*

होळीच्या आदल्या रविवारी टोपल्यांत कोथिंबीर, मूठभर कांद्याची पात आणि लिंबं, बस. नाना म्हणाले, मीच येतो बरोबर, लोक काय म्हणतात ते कानानं ऐकतो. प्रत्येक दारात स्वतःच सांगायचे, पुढचा महिना असंच आहे, पटत नसेल तर सांगा. कोणी हो म्हणालं, कोणी विचार करतो म्हणालं.

शेवटचं घर एका म्हाताऱ्या शेठाणीचं. जैन घर, पात चालत नाही. म्हणजे टोपलीत नुसती कोथिंबीर आणि लिंबं. नानांनी तेच सांगितलं. "थांबा," म्हणून ती आत गेली. नानांनी माझ्याकडे बघितलं. झालं, असं त्यांच्या तोंडावर होतं.

ती आली ती पितळी डबा घेऊन. आत ताजे लाटलेले मुगाचे पापड. कोथिंबीर-लिंबं काढून घेतली आणि डबा टोपलीत ठेवला.

"टोपली रिकामी कशी पाठवू, नाना? डबा तेवढा परत द्या. सासूबाईंचा आहे."

घरी येईपर्यंत डबा नानांच्या मांडीवर.

होळीच्या सकाळी पोरगा केळीच्या रोपांचं विचारायला बांधावर उभा. नाना आले ते घासून लख्ख केलेला डबा घेऊन. झाकण उघडून हातात धरलं आणि या वाफ्यातून त्या वाफ्यात फिरले. सगळीकडे नुसती उकरलेली माती, नाहीतर काकडीची दोन-दोन पानं.

मग आमच्यावरच खेकसले, "इतलं मोठं वावर, नि डबामा टाकाले काहीच नही? बघत काय बठन्यात, भाजी लावा ना वं पटकन!"