उरलेली बारा मिनिटं

अकोल्यात त्या काळी संगीत कळणारा एकच माणूस होता, आणि त्याचा धंदा लोकांचे कान फोडण्याचा होता. लग्न असो, उरूस असो, निवडणूक असो की नुसताच कुणाचा तरी सत्कार असो, भोंगे चाचांचेच. जुन्या शहरातल्या त्यांच्या दुकानात जमिनीपासून आढ्यापर्यंत कर्णे रचलेले असत आणि त्यांच्या मधोमध एका मोडक्या खुर्चीवर चाचा बसलेले असत. सगळं गाव त्यांना भोंगेवाले चाचा म्हणे. त्यांचं खरं नाव मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही माझं विचारलं नाही. त्यांच्या लेखी मी मास्तर होतो. बार्शीटाकळीच्या एका शाळेत मराठी शिकवायला मी अकोल्याहून रोज एसटीने जाई-येई आणि उरलेल्या वेळात स्वतःला रसिक समजत असे. हा गैरसमज दुसऱ्यांमध्ये पसरवण्यातही मला बऱ्यापैकी यश आलं होतं.

माइक तपासावा तशी कशावर तरी टिचकी मारल्याशिवाय चाचा बोलायला सुरुवात करत नसत. हातात चहाचा ग्लास असला तर ग्लासवर, काहीच नसलं तर समोरच्याच्या खांद्यावर. एकदा बँकेत त्यांनी साहेबाच्या टेबलावरच्या घंटीवर टिचकी मारून "हॅलो" म्हटलं आणि मगच पासबुक पुढे केलं. माणसांची मापं ते वॅटमध्ये घेत. सासरा दोनशे वॅटचा, जावई पंचवीसचा. माझ्याबद्दल त्यांचं मत असं होतं, की मशीन लहान आहे पण भोंगा मोठा आहे. हे कौतुक समजून मी घरी बायकोला सांगितलं. तिला अर्थ लगेच कळला. मला तो कळायला चार-पाच वर्षं लागली.

पण त्यांची सगळ्यात चमत्कारिक सवय वेगळीच होती. कार्यक्रम कितीही मोठा असो, ते स्टेजकडे पाठ करून बसत आणि लोकांच्या तोंडाकडे टक लावून बघत. नेता काय बोलला, कव्वालाने कुठली जागा घेतली, याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "आवाज मी कानानं नाई पाह्यत, मास्तर. शेवटच्या लाइनीतल्या बुढ्याचं तोंड पाह्यतो. त्याच्या तोंडावर पोचला, तं पोचला." आयुष्यभर हेच केल्यामुळे त्यांना माणसाच्या चेहऱ्यावरून गाणं ऐकू येई, असं ते शपथेवर सांगत. मी हसायचो.

आता ती कॅसेट. अमरावतीला माझ्या ओळखीचे एक कानाचे डॉक्टर होते आणि त्यांच्याकडे विलायती रेकॉर्डींचं कपाट होतं. त्यातल्या एका रेकॉर्डवर शंभरेक वादक मिळून एक भली मोठी रचना वाजवतात. ती रचणाऱ्याचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही, म्हणून देत नाही. मात्र तेव्हा मी ते दर आठवड्याला वेगळ्या उच्चाराने आणि सारख्याच आत्मविश्वासाने घेत असे. एका रविवारी मी डॉक्टरांकडे कोरी नव्हे, पण अर्धी कोरी कॅसेट घेऊन गेलो. तिच्या दुसऱ्या बाजूला स्नेहसंमेलनातलं माझं भाषण होतं, विषय 'साहित्य आणि समाज'. ते पुसण्याचा प्रश्नच नव्हता. रेकॉर्डची एक बाजू झाली, मी ती उलटवली आणि व्हरांड्यात आलूबोंडे खायला गेलो. परत आलो तेव्हा टेपचं बटण वर आलेलं होतं आणि रेकॉर्डवर काहीतरी दुसरंच धडाक्यात चाललं होतं. आपल्याकडच्या रेकॉर्डवर एकामागून एक गाणी असतात. मला वाटलं, आपलं गाणं संपून पुढचं लागलं. मी सुई उचलून ठेवली.

ते दिवस कापसाचे नव्हते; पीक येईना, आलं तर भाव मिळेना. ज्या घरी चार दिवस भोंगे वाजायचे, तिथली लग्नं देवळात हार घालून आटोपू लागली. मोर्चे तेवढे वाढले होते, पण मोर्चेवाले चार कर्णे नेत आणि तीन आणत. चाचांचे बाकीचे कर्णे दुकानातच राहिले, आणि दर रविवारी सकाळी त्या रिकाम्या दुकानात माझी कॅसेट लागू लागली. चाची आतल्या दाराशी डाळ निवडत बसत. लग्नाच्या बँडचे एक मास्तर येत, आणि शेजारच्या बी-बियाण्याच्या दुकानातले मुनीम येत. चाचा टेपकडे पाठ करून आमच्याकडे तोंड करून बसत, आणि मग अर्धा तास आमची परीक्षा चाले.

त्या रचनेत एका ठिकाणी सगळी वाद्यं थांबतात आणि सनईसारखं एकच वाद्य एकटंच काही तरी सांगत राहतं. तिथे चाचींचा हात डाळीत तसाच थांबे. बँडमास्तर त्या ठिकाणी टोपी काढून मांडीवर ठेवत आणि ते वाद्य संपलं की परत घालत. मुनीम भिंतीकडे बघत. आणि मी रडत असे. चाचांची नजर माझ्यावर असे, त्यामुळे रडणं भागच होतं. आतून काही येत नसे, म्हणून मी विदर्भातल्या एका साहित्य संमेलनाची आठवण काढायचो, ज्याचं निमंत्रण मला आलं नव्हतं. डोळे आपोआप भरत. चाचा माझ्याकडे बघून मान हलवत. ती मान दाद देणारी होती, असं मी धरून चाललो होतो.

मग एका ऐन भराच्या जागी, सगळी वाद्यं चढत चढत वर निघालेली असताना, खटकन आवाज येऊन टेप बंद पडे. पहिल्याच रविवारी चाचांनी स्टुलावर टिचकी मारून विचारलं, "मास्तर, हे असं काहून तुटते?" मला माहीत नव्हतं. पण माहीत नाही असं म्हणायची मला सवय नव्हती. मी डोळे मिटून सांगितलं, की हे तुटत नाही, हे सोडून दिलेलं आहे. ज्याने ते रचलं त्याने उरलेलं मुद्दाम ऐकणाऱ्यावर सोपवलं आहे, ज्याचं त्याने मनात पुरं करायचं. या शांततेलाच आपल्याकडे अनाहत नाद म्हणतात, असंही मी ठोकून दिलं. चाचांनी टेपवर एक टिचकी मारली. मग म्हणाले, मोठा माणूस असला पाहिजे. हे माझ्याबद्दल की रचणाऱ्याबद्दल, ते मी विचारलं नाही.

त्या दिवसापासून टेप थांबली की चाचा प्रत्येकाला "पुढं काय?" असं विचारू लागले आणि ज्याला त्याला गाणं पुरं करावं लागे. चाची म्हणत, पोरगी सासरी पोचली आणि तिथल्या विहिरीला पाणी निघालं. बँडमास्तर म्हणत, वरात पोचली, आता वाजवणाऱ्यांनाही जेवायला वाढा. मी दर वेळी काहीतरी मुक्ती-बिक्ती म्हणे. मुनीमजी मात्र पोळ्यानंतरच्या एका रविवारी म्हणाले, "पुढं काई नाई." त्यांच्या दुकानात त्या वर्षी दुबार पेरणीचं बियाणं मागायलासुद्धा कोणी आलं नव्हतं, आणि ज्यांच्याशी रोज बोलणं होतं असे दोन-तीन शेतकरी पुन्हा कधीच येणार नव्हते. चाचा म्हणाले, "असं नाई चालत. पुढं असतेच. मास्तरनं सांगतलं ना." मुनीमजींनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. त्यानंतर ते रविवारी यायचे बंद झाले आणि चाचांना ते फार लागलं. ते अधूनमधून त्यांच्या पायरीवर जाऊन बसत आणि पुढं काय ते पुन्हा विचारत. उत्तर तेच येई.

मग माझी अमरावतीला एका ज्युनियर कॉलेजात नेमणूक झाली. एका रविवारी कानाच्या डॉक्टरांनी चार मंडळींना तीच रेकॉर्ड ऐकायला बोलावलं. ही रचना मी कोळून प्यायलो आहे, असं मी सर्वांना आधीच सांगून ठेवलं होतं. ती जागा जवळ आली तसा मी उभा राहिलो, एक बोट वर केलं, डोळे मिटले आणि म्हणालो, "आता शांतता ऐका." त्याच क्षणी शंभर वादक माझ्या अंगावर तुटून पडले. मी डोळे उघडले तर सगळे माझ्याकडे बघत होते. मला चक्कर आली असं समजून डॉक्टरांच्या पत्नीने पाणी आणलं. पुढची बारा मिनिटं मी ग्लासात तोंड घालून बसलो. काय वाजत होतं ते माझ्या कानात शिरलं नाही, एवढंच ओळखलं की व्हरांड्यातून येऊन मी ज्याच्यावरची सुई उचलली होती ते हेच. अख्खा शेवट मी माझ्या भाषणापायी बाहेर ठेवला होता.

मी लगेच अकोल्याला जाऊन सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. उलट काही महिन्यांनी चाचाच अमरावतीला आले, कान दाखवायला. ग्लासवर टिचकी मारून ते स्वतःच कान पुढे करून बघत होते. डॉक्टरांनी तपासून मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, चाळीस वर्षं भोंग्यांखाली काढली आहेत, आतली नस गेली, फार तर वर्षभर काही ऐकू येईल. कानात लावायचं यंत्र दिलं ते चाचांनी तीन दिवसांत परत पाठवलं, त्याला अर्थिंग नाही म्हणून. बसस्टँडवर एसटीत चढताना मात्र ते म्हणाले, की कान आहेत तोवर एकदा माझ्यासोबत बसून ती कॅसेट ऐकायची आहे. मी हो म्हणालो. आणि आठ महिने गेलो नाही. आधी पेपर तपासायचे होते, मग निवडणुकीची ड्युटी आली, मग साडूच्या घराची वास्तुशांत. खरं कारण एकच होतं. त्या एका दुकानात मी ज्ञानी होतो, आणि अशी दुकानं माणसाला फार मिळत नाहीत.

शेवटी मला माझीच लाज वाटली आणि नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एकाच बाजूवर पूर्ण रचना भरून मी गेलो. दारातूनच मी चाचांना मोठ्याने हाक मारली, तशी चाची म्हणाल्या, "ओरडू नका सर, घसा जाईन तुमचा. पाटीवर लिहा." चाचांना काहीच ऐकू येत नव्हतं. खुर्चीशेजारी नातवाची पाटी ठेवलेली होती. मी आयुष्यभर भाषणं दिली, पण लिहिलं ते एवढंच: गाणं अर्धवट नव्हतं, टेप संपली होती, चूक माझी, अजून बारा मिनिटं आहेत. चाचांनी ते दोनदा वाचलं. त्यांनी रागवावं असं मला फार वाटत होतं. ते म्हणाले, "बारा?" आणि उठून टेप लावायच्या तयारीला लागले. मी हातवारे करून कानाकडे बोट दाखवलं. त्यांनी नेहमीसारखी टेपकडे पाठ केली, खुर्ची माझ्या अगदी समोर ओढली आणि म्हणाले, "तुमी ऐका. मी पाह्यतो."

टेप सुरू झाली. एकट्या वाद्याची जागा आली तशी सवयीने मी संमेलनाची आठवण काढली आणि चेहरा लांब केला. चाचांनी माझ्या गुडघ्यावर टिचकी मारली. "खोटं तोंड करू नका, मास्तर. पह्यलेपासून करून राह्यले तुमी. आज नका करू." म्हणजे त्यांना सगळं दिसत होतं, पहिल्या रविवारपासून. मी मान खाली घातली. त्यांनी हनुवटीला हात लावून ती वर केली. मग मी दुसरं काही न करता नुसता ऐकत बसलो, आणि ती जागा आली, खटका पडला नाही, वाद्यं चढत गेली आणि वर पोचून एकदम मोकळी झाली. धडाका ओसरला तेव्हा त्या एकट्या वाद्याचंच गाणं सगळेजण मिळून वाजवत होते, अगदी सावकाश, जणू त्यांना कुठे जायची घाई नव्हती. मला रडू आलं. नाक गळत होतं, ओठ वेडेवाकडे झाले होते, रसिकाला शोभेल असं त्यात काही नव्हतं. चाचा माझ्यापासून हातभर अंतरावर बसून, पापणी न हलवता, माझ्या तोंडाकडे बघत होते. इतकं एकाग्र होऊन मला कोणी कधी ऐकलेलं नाही.

टेप थांबली. त्यांना ते माझ्याकडे बघून कळलं. "होतं ना पुढं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. सांगायचं खूप होतं, पण पाटी लांब होती. ते उठले, चपला घातल्या, आणि बहिऱ्या माणसाच्या चढ्या आवाजात चाचींना म्हणाले, "मुनीमजीले सांगून येतो." दारातून मला शेजारची पायरी दिसत होती. चाचा पायरीवर बसले आणि हाताने उंची, रुंदी दाखवत, वर चढून मोकळं कसं होतं ते सांगू लागले, स्वतः एक सूरही न ऐकता. मुनीमजी हसले नाहीत, वादही घातला नाही. थोड्या वेळाने त्यांनी उठून चाचांच्या शेजारी जागा करून घेतली.

चाचा जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती बारा मिनिटं मी घरी कधीमधी लावतो, डोळे मिटून बसतो, सगळं व्यवस्थित ऐकू येतं. तरी कुठेतरी कमी पडतं. समोर खुर्ची ओढून कोणी बसलेलं नसलं, की मी पुन्हा तोंड करायला लागतो.