वत्सलाताईंनी शिकवलेले पाहणे

वत्सलाताई मेश्राम यांना मी पहिल्यांदा पाहिले ते नरखेड तालुक्यातल्या एका शाळेत. विहिरीचे पाणी दूषित होऊन गावात जुलाब-उलट्यांची साथ पसरली होती आणि नागपूरहून आमचे पथक तिथे गेले होते. मी नुकताच डॉक्टर झालो होतो. ताई आमच्या रुग्णालयाच्या बालविभागात परिचारिका होत्या.

शाळेचे दोन्ही वर्ग आजारी लेकरांनी भरले होते. जिथून रडण्याचा आवाज मोठा, तिकडे मी धावत होतो. खिडकीखाली एक बाई दीड-दोन वर्षांची मुलगी मांडीवर घेऊन बसली होती. मुलगी निजली आहे, असे तिने सांगितले. मला हायसे वाटले आणि मी पुढे गेलो.

थोड्या वेळाने ताई तिथेच थांबलेल्या दिसल्या. त्यांनी मुलीला हाक मारली, तळपाय चोळले. पापण्या जेमतेम हलल्या. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर घडी तशीच राहिली.

"सकाळपासून रडून राहिली होती जी," आई म्हणाली, "आता कुठं निजली."

"हे निजणं नाही वं माय," ताई हळूच म्हणाल्या. "अंगातलं पाणी सरलं हाये तिच्या."

त्यांनी मला बोलावले. मी सलाईनसाठी शीर शोधू लागलो. दोनदा सुई चुकली. ताईंनी घोट्याजवळची शीर बोटाने दाखवली आणि "सावकाश, डॉक्टर" एवढेच म्हणाल्या. सलाईनची काचेची बाटली खिडकीच्या गजाला टांगली. दुपार टळता टळता मुलगी रडली, आधी बारीक, मग चांगली खणखणीत. आई घाबरली. ताईंनी हसून मुलीच्या गालावर ओघळलेला अश्रू तिला दाखवला; अंगात पाणी परतल्याची ती खूण होती.

परतताना जीपमध्ये मी माझी चूक कबूल केली. ताई म्हणाल्या, "रडणाऱ्याकडे सगळेच जातात, डॉक्टर. जे रडत नाही, त्याच्याकडे आपण आधी जायचं." ही गोष्ट त्यांनी पथकात कुणालाही सांगितली नाही. आज मीच सांगतो आहे.

वॉर्डातल्या प्रत्येक आईला ताई घरी जाण्याआधी काही ना काही पाहायला शिकवीत: लेकराने पिणे सोडले का, श्वास घेताना छातीखाली खड्डा पडतो का. पुढे काही वर्षांनी उमरेडची एक विणकर बाई, जिचे लेकरू पूर्वी आमच्या वॉर्डात होते, शेजारणीची धापा टाकणारी मुलगी घेऊन एस.टी.ने थेट आमच्याकडे आली. ड्यूटीवर मी होतो.

"छातीले खड्डा पडून राहिला," ती म्हणाली. "मेश्रामबाईनं सांगतलं होतं, असं दिसलं का थांबाचं नाही."

वेळेवर प्राणवायू मिळाला, मुलगी वाचली. ताई त्या दिवशी रजेवर होत्या.

ताई आता साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो आणि अजून पुष्कळ आयांना त्यांच्याशेजारी बसून आपल्या लेकराकडे पाहायला शिकता येवो.