चौथ्या गाण्यातली मोटार

माझ्या धाकट्या भावानं पुण्यातली चांगली नोकरी सोडली आणि अल्बम काढला. ॲम्बियंट टेक्नो म्हणतात त्याला. शब्द नाहीत, गाणारं कोणी नाही, नुसती घुमणारी यंत्रं आणि खालून दबका ठेका. ऐकणारे म्हणाल तर त्याचे चार मित्र आणि मी. नोकरी सोडल्यापासून आबा, म्हणजे आमचे वडील, त्याच्याशी बोलत नव्हते. त्याचा फोन आला की माझ्या हातात द्यायचे आणि उठून जायचे. "ताई, आबांना एकदा ऐकव. नाही आवडलं तरी चालंल, पण ऐकव," असं तो म्हणाला आणि मला धडकीच भरली.

कारण खरं सांगायचं तर मलाच तो अल्बम निम्मा आवडला होता. पहिली तीन गाणी गुंगवून टाकतात. चौथं मात्र संपता संपत नाही. सारखी घरघर, मध्येच खरखर. पाचवं लागलं की जीव भांड्यात पडतो.

तासगावजवळच्या आमच्या मळ्यात, शेडमध्ये बेदाणा निवडायला बसलो असताना मी स्पीकर लावला. कुणाचं आहे ते सांगितलं नाही. आबा मान खाली घालून काड्या वेचत होते. तीन गाणी बिनबोभाट गेली.

चौथं लागलं आणि आबांचे हात थांबले. बाहेर विहिरीवरची मोटार चालू होती. आमच्याकडं माणूस गप्पा मारत असला तरी त्याचा एक कान मोटारीकडं असतो. आवाज बदलला की हातातला घास टाकून पळायचं. "बेअरिंग गेलं गं," म्हणत आबा अनवाणीच धावले. मला सांगायचं सुचलंसुद्धा नाही.

मोटार बंद करून घाम पुसत परत आले, तरी शेडमध्ये घरघर चालूच. त्यांनी स्पीकरकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"त्याचं हाय व्हय हे?"

मी मान हलवली. आता स्पीकर उकिरड्यावर जाणार, असंच मी धरून चालले.

"लाव त्याला फोन."

भावानं भीत भीतच हॅलो म्हटलं. "आरं, ते चवथं गाणं काढून टाक," आबा म्हणाले. "उगाच मोटार बंद करून आलो मी." पलीकडं तो असा हसला की मला लांबून ऐकू आलं. आबाही हसायला लागले. मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू.

"पयली तीन बरी हायत," आबा म्हणाले. "पाचवं तू आल्यावर लावू."